समोर येऊन बोला

"सवय करून घ्या." हे तीन शब्द मला ज्यांनी ज्यांनी ऐकवले, त्या प्रत्येकाच्या कानात आठवडाभर माझी शिट्टी बसवावी अशी माझी फार इच्छा आहे. आठवडाच. मी काही दुष्ट बाई नाही. आठव्या दिवशी काढून घेईन आणि विचारीन, झाली का सवय?

शिट्टी म्हणते खरी, पण ती धड शिट्टीही नाही. कुकर शिट्टी द्यायच्या आधी बारीक वाफ सोडत राहतो ना, ती. आपण ओट्याजवळ उभं राहून म्हणतो, आता होईल, आता होईल. ती होतच नाही. दोन वर्षं झाली, माझ्या दोन्ही कानांत अशी वाफ सुटलेली आहे, उजव्यात जरा जास्त. सकाळी डोळे उघडायच्या आधी ती हजर असते. डॉक्टर विचारतात, आवाज कसा येतो? समुद्रासारखा? घंटेसारखा? रातकिड्यांसारखा? अहो, सोलापूरच्या बाईनं समुद्र कधी ऐकायचा? एकाला मी तसं तोंडावर म्हटलं. त्यानं कागदावर काहीतरी खरडलं. काय ते दिसलं नाही, पण चेहऱ्यावरून कळलं की बाई तऱ्हेवाईक आहे असंच काहीसं असणार.

माझं माहेर होटगीचं. रेल्वेच्या कडेचं गाव, आवाज तिथंही होता, पण गाडी येते आणि जाते. लग्न करून सोलापुरात आले ती थेट मागांच्या डोक्यावर. खाली आमचा कारखाना, म्हणजे टॉवेलचे चार यंत्रमाग. वर दोन खोल्या. मधे उभा जिना. नवरा मागावर असायचा आणि मी खाली कांड्या भरायला. मागात इकडून तिकडे धावणाऱ्या धोट्यात सुताची जी नळी बसते ती कांडी. बावीस वर्षं मी त्या खोलीत रोज सात-आठ तास बसले.

चार धोटे इकडून तिकडे आपटत असताना माणसाचा आवाज कुणाला ऐकू येणार? नवीन माणूस ओरडून बोलायला बघतो, आठ दिवसांत त्याचा घसा बसतो आणि मग तो शहाणा होतो. आम्ही ओठांनी बोलायचो. घशातून आवाज काढायचाच नाही, फक्त ओठ नीट हलवायचे. चहा आला, सूत संपलं, तुझी सासू बोलावतेय, सगळं ओठांवर. शेजारच्या कारखान्यातल्या अक्का तेलुगू. मी त्यांच्याशी मराठी ओठांनी बोलायची, त्या माझ्याशी तेलुगू ओठांनी, आणि गल्लीतल्या एकाही घरची भानगड आम्हा दोघींना कळायची राहिली नाही. मला त्याचा अभिमान होता, आणि तो मला पुढं चांगलाच नडला.

या बोलण्याचा नियम एकच. समोर येऊन बोलायचं. माणूस पाठमोरा असेल तर आधी खांद्याला हात लावायचा, तो वळला की मग बोलायचं. हा नियम कारखान्यातून जिना चढून वर घरात आला. मुलगा रांगायला लागला तेव्हापासून आधी माझा पदर ओढायचा आणि मी खाली बघितलं की मग रडायचा. घरात हाक मारायची पद्धतच नव्हती. पाहुणे म्हणायचे, काय शांत घर आहे तुमचं! खाली चार माग धडधडतायत आणि म्हणे शांत घर.

लॉकडाऊननंतर काम यायचं बंद झालं. पुढच्या वर्षी चारही माग भंगारात गेले. नवरा दोन दिवस नीट जेवला नाही. खालच्या खोलीत आता गल्लीतल्यांच्या मोटारसायकली लावतात. माग गेले आणि घर पहिल्यांदा खरोखर शांत झालं, आणि तेव्हा माझ्या लक्षात आलं की काहीतरी चालूच आहे. मी नवऱ्याला म्हटलं, खाली कुणी मोटर चालू ठेवलीय का बघा. तो बघून आला. दुसऱ्या दिवशी मी पुन्हा पाठवला. तिसऱ्या दिवशी तो जिना उतरलाच नाही. माझ्यासमोर येऊन उभा राहिला.

"अगं, खाली काय न्हाईच की आता," म्हणाला. "तुझ्या कानातच हाय ते."

आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी चक्करेची गोळी दिली. मी म्हटलं, मला चक्कर येत नाही. ते म्हणाले, येऊ नये म्हणून. वर्षभर मी न येणाऱ्या चक्करेची गोळी दोन वेळा खाल्ली. अक्कांनी लसणाचं तेल दिलं, तेही घातलं. उशीवर डाग पडले, बाकी काही झालं नाही. पण तेव्हा मी एवढी चिडत नव्हते. कामाला लागलं की वाफेकडे लक्ष जायचं नाही, आणि बाकी माझं काही अडत नव्हतं.

अडलं ते नात आल्यावर.

मुलगा कंपनीत आहे, त्याच्या शिफ्टचा काही भरवसा नाही. सून वैराग गावची, शेतकऱ्याच्या घरची, मुलानं स्वतः पसंत केलेली. इथं एका शाळेत शिकवते. माझ्याशी ती फारसं बोलत नाही, असं मला वाटायचं. शिकलेली आहे, असेल जरा आखडू, म्हणून मीही सोडून दिलं होतं. पोर आठ महिन्यांची झाली तशी सून पुन्हा शाळेत जायला लागली आणि सकाळी आठ ते दुपारी तीन नात माझ्या ताब्यात आली. माझा मुलगा लहान होता तेव्हा मी खाली कांड्या भरत होते. त्याला निम्मा अक्कांच्या सासूनं वाढवला. त्यानं पहिलं पाऊल टाकलं तेही मला संध्याकाळी कळलं. ही पोर मला आख्खी मिळाली होती आणि ती मला कुणालाही द्यायची नव्हती. हे मी आत्ता लिहिताना जेवढं सरळ लिहितेय तेवढंच सरळ तेव्हाही वाटत होतं.

पंधरा दिवस छान गेले. एके दिवशी पोरीला आतल्या खोलीत झोळीत झोपवलं, दार ओढून घेतलं आणि बाहेरच्या खोलीत वाटाणे सोलत बसले. कानात वाफ चालू. तेवढ्यात अक्का जिन्यातून धावत वर आल्या, माझ्याकडे न बघता आत गेल्या आणि पोरीला घेऊन बाहेर आल्या. पोर रडून रडून काळीनिळी पडली होती. अक्कांनी तिला माझ्या हातात दिलं. माझ्यासमोर उभं राहून म्हणाल्या, किती वेळ रडतेय, गल्लीच्या टोकाला ऐकू येतंय.

मला ऐकू आलं नव्हतं. मी म्हटलं, या मेल्या वाफेनं सगळं झाकून टाकलं.

सुनेला मीच सांगितलं. लपवणं माझ्या स्वभावात नाही. दुसऱ्या दिवशी ती माझ्यासमोर बसून म्हणाली, "आई, तुमी चांगल्या डॉक्टरला दाखवा की. कानातला आवाज थांबायला पायजे. तवर तिला वैरागला ठेवू का, असं माझी आई विचारत होती." मी म्हटलं, काही गरज नाही, मी आवाज थांबवते. जसा काही नळच होता, फिरवला की बंद.

मोठ्या डॉक्टरांकडे गेले. कानाचे म्हणून नाव असलेले. दोन तास बाकावर, पाच मिनिटं आत. त्यांनी कानात बॅटरी मारली, थोडा मळ काढला आणि समोर बसून पटापट प्रश्न विचारले. किती दिवस? एका कानात की दोन्ही? झोप लागते का? मी फटाफट उत्तरं दिली. इतकी फटाफट, की ते खूश झालेले दिसले. मग विचारलं, "घरी सून आहे का?"

मी म्हटलं, आहे.

त्यांनी मान हलवली आणि लिहिलं. टेन्शन.

अहो, सून आहे म्हणजे कानात वाफ सुटते? मग या शहरात कुकर विकत घ्यायची कुणाला गरजच पडली नसती! बावीस वर्षं काय काम केलंत, हे विचारलं नाही. मी होऊन सांगायला लागले तर म्हणाले, ते असू दे हो, आता माग बंद आहेत ना. तीन गोळ्या लिहून दिल्या. एक नसांसाठी, एक रक्त कानापर्यंत पोचायला आणि एक मन शांत करायला, अर्धी, झोपताना. पहिल्या दोन गोळ्यांनी कानाच्या आवाजात तिळभर फरक पडला नाही. तिसरीनं पडला. म्हणजे आवाज तेवढाच, पण मला त्याचं काही वाटेनासं झालं. पहिल्यांदा रात्रभर झोपले. सकाळी उठून मी त्या डॉक्टरांना मनातल्या मनात हात जोडले, याचा मला आज राग येतो.

महिन्याभरानं अर्ध्या गोळीला कान जुमानेना. औषधाच्या दुकानात गेले. दुकानदारानं जुनी चिठ्ठी बघितली न बघितली. "मग दुपारी पण अर्धी घ्या की, मावशी. लई लोक घेतात." एवढंच. त्याला मोकळेपणानं गोळ्यांची पाकिटं माझ्यापुढं टाकताना काही वाटलं नाही आणि मला ती पिशवीत भरताना काही वाटलं नाही. आवाज थांबवायचा होता ना मला. पोर हातातून जाऊ द्यायची नव्हती. ज्या गोळीनं पोर जाणार होती ती मी पोर राहावी म्हणून खात होते.

तिसऱ्या महिन्यातली दुपार. पोरीला भरवलं, चटईवर माझ्या शेजारी घेतलं, आणि पुढचं मला आठवत नाही. जे झालं ते नवऱ्यानं सांगितलं. तो दुधाची पिशवी घेऊन जिना चढत होता, तर वरून तिसऱ्या पायरीवर पोर बसलेली. वरचं दार उघडं. पोर ढुंगणावर सरकत तीन पायऱ्या उतरली होती आणि चौथीकडे वाकून बघत होती. त्यानं दूध तिथंच टाकलं आणि पोरीला उचललं. वर आला तर मी चटईवर गाढ. त्यानं खांद्याला धरून हलवलं तेव्हा जागी झाले. त्याचे ओठ थरथरत होते, आणि आयुष्यात पहिल्यांदा मला त्याच्या ओठांवरचं वाचता आलं नाही.

सुनेनं भांडण केलं असतं तर मी भांडले असते. तिनं केलं नाही. पोरीचे कपडे भरले, शनिवारी तिला घेऊन वैरागला गेली आणि सोमवारी सकाळी एकटीच परत आली. तेव्हापासून ती दर शनिवारी जायची. आठवडाभर आम्ही दोघी एकाच घरात रिकाम्या झोळीला चुकवून वावरायचो. तिचे डोळे सुजलेले असायचे. तिला दोष द्यायला मला जागा नव्हती, आणि याचाही मला राग यायचा.

पोर पायरीवर सापडली त्याच दिवशी मी गोळी बंद केली. एका झटक्यात. आणि मग काय झालं ते कुणी वैऱ्यावर येऊ नये. हातपाय कापायला लागले, तीन दिवस डोळ्याला डोळा नाही, घाम, आणि कानातली वाफ एवढी चढली की मी दोन्ही हातांनी डोकं दाबून बसायची. नवरा दुकानात गेला. दुकानदार त्याला म्हणाला, अहो, ही गोळी अशी एकदम सोडायची नसते. आता सांगतो! पाकिटं पुढं टाकताना तोंड शिवलं होतं का? मोठ्या डॉक्टरांना फोन लावला तर त्यांच्याकडच्या बाईनं पुढच्या आठवड्यातली वेळ दिली.

मग नवरा मला सरकारी दवाखान्यात घेऊन गेला. तिथल्या तरुण डॉक्टरीणबाईंनी कापणारे हात बघितले, सगळं ऐकून घेतलं, तीच गोळी अगदी कमी करून पुन्हा चालू केली आणि आठवड्या-आठवड्यानं कशी उतरवायची ते नवऱ्याच्या समोर कागदावर लिहून दिलं. मग विचारलं, "कान तपासलेत का?" मी म्हटलं, बॅटरी मारून बघितलेत की. त्या म्हणाल्या, तसं नव्हे. ऐकू किती येतं ते मोजलंय का?

दोन वर्षांत हा प्रश्न पहिल्यांदा आला. मी म्हटलं, मला ऐकू येतं. तुमचं सगळं ऐकू येतंय की आत्ता.

त्यांनी तरी मला शेजारच्या खोलीत पाठवलं. बाहेर बाकावर बसलो. कान मोजणारी मुलगी माझ्या मुलापेक्षाही लहान होती. तिनं म्हणे दारातून माझा नंबर तीनदा पुकारला. मी भिंतीवरचा तक्ता वाचत बसले होते, नवराही. शेवटी ती समोर आली. आत नेऊन बसवलं, नाव, गाव, काम विचारलं. मागांचं सांगितलं तशी ती थांबली. माझ्याकडे नीट बघितलं. मग टेबलावरची फाइल उचलून स्वतःच्या तोंडासमोर धरली. थोड्या वेळानं फाइल खाली घेतली.

"काय म्हणाले मी?"

मला राग आला. "तोंड झाकून कुणी बोलतं का? कसं कळणार?"

ती हळूच म्हणाली, "मावशी, ऐकायला माझं तोंड लागत नाही."

वाक्य साधं होतं, पण ते माझ्या डोक्यात शिरायलाच तयार नव्हतं. बोलणं म्हणजे समोरचं तोंड, हेच मला बावीस वर्षं माहीत. मास्कच्या दिवसांत मला कुणाचं काही कळायचं नाही, पण तेव्हा सगळं जगच म्हणत होतं की मास्कमधून कळत नाही, त्यातलीच मी एक. आमच्या घरात पाठीमागून कुणी बोलत नाही, म्हणून मला पाठीमागचं ऐकू येत नाही हे कळायला वावच नव्हता. एवढ्या डोळस माणसांनी माझ्यासमोर बसून प्रश्न विचारले आणि मी त्यांच्या ओठांवरून उत्तरं दिली. सगळे खूश. बाईला छान ऐकू येतं, फक्त एक आवाज जास्त येतो, द्या गोळी.

बंद खोलीत कानाला यंत्रं लावून मोजलं. कागदावर रेघ आली, ती निम्म्यापर्यंत बरी आणि पुढं घसरत खाली. मुलगी म्हणाली, उंच आवाज तुमचे बरेच गेलेत. दार लावलं आणि कानात ती वाफ असली, तर आतलं बाळाचं रडणं तुमच्यापर्यंत पोचणारच नाही. वाफ कान गेल्यानंच सुरू झालेली असावी. गेलेले कान परत आणणारी गोळी नसते. मशीन लावलं तर बाहेरचं ऐकू येईल, मग आतलं बऱ्याच जणांना कमी जाणवतं. सगळ्यांना नाही. तिनं खोटी आशा लावली नाही, म्हणून मी तिच्यावर विश्वास ठेवला.

घरी यायच्या आधी मी नवऱ्याला म्हटलं, मोठ्या डॉक्टरांकडे चला. तो नको म्हणत होता. मी ऐकते होय. दोन तास बाकावर बसलो. आत गेल्यावर मी स्टूल फिरवलं आणि डॉक्टरांकडे पाठ करून बसले. म्हटलं, "आता विचारा. झोप लागते का, सून आहे का, काय विचारायचं ते विचारा."

माझ्यासमोर भिंत होती. तिच्यावर कानाचं मोठं रंगीत चित्र. मला वाफेशिवाय काहीही ऐकू आलं नाही. थोडा वेळ थांबून मी वळले. डॉक्टर नवऱ्याशी बोलत होते. मी कागद त्यांच्यापुढं ठेवला. त्यांनी रेघेवर नजर टाकली आणि म्हणाले, "हां, वयानुसार होतं. मशीन लावा. थोडा आवाज राहील, सवय करून घ्या."

वयानुसार! चार मागांचं नाव नाही, गोळीचं नाव नाही, पायरीवर बसलेल्या पोरीचं तर नाहीच नाही. मी उठले. बाहेर आल्यावर नवऱ्याला विचारलं, मी पाठमोरी होते तेव्हा काय म्हणाले? तो सांगेना. रिक्षात बसल्यावर म्हणाला, "म्हनत होते, बाईला मानसिकच्या डॉक्टरकडं न्या."

मला सगळ्यांचा राग आला. डॉक्टरांचा, दुकानदाराचा. कारखान्याचा, पण तो आमचाच होता, कानात बोळा घाल म्हणून ज्यानं सांगायला हवं होतं तो मालक माझा नवराच, आणि त्याला तरी कुणी सांगितलं होतं? त्याचे कान माझ्याहून खराब आहेत, हे मी आता पैजेवर सांगते. तपासायला येत नाही. गल्लीतले सगळे म्हातारे एकमेकांच्या समोर उभे राहून बोलतात, आणि आम्ही त्याला रीत म्हणतो. आणि सगळ्यात जास्त राग माझा मला आला. ओठ वाचण्यात एवढी हुशार, की स्वतःलाही फसवलं.

संध्याकाळी सुनेला कागद दाखवला आणि सगळं सांगितलं. तिनं ऐकून घेतलं आणि कागद पुन्हा उचलला. "म्हणजे मी ओट्यापाशी उभी राहून वर्षभर बोलत होते ते..." मी मान हलवली. ती म्हणाली, "मला वाटायचं, आई मुद्दाम उत्तर देत न्हाईत." मी म्हटलं, मला वाटायचं तू बोलतच नाहीस. मग आम्ही दोघीही रडलो. शेजारच्या अक्का डोकावून गेल्या, त्यांना वाटलं भांडण झालं.

गोळी पूर्ण सुटायला पाच आठवडे लागले. त्यातच मशीन आलं, कानामागे बसतं ते. पहिले आठ दिवस ते मला काढून फेकावंसं वाटलं. चमचा पडला तरी दचकायची. वाफ आहे, आजही आहे, पण घरात इतर आवाज असले की जरा मागे सरते. नवऱ्यानं जिन्याच्या तोंडाशी लाकडी फाटक बसवलं, कडीसकट. सून आतल्या खोलीत दार लावून उभी राहायची आणि कधी हळू, कधी मोठ्यानं काहीतरी म्हणायची. मी बाहेरून ते परत म्हणून दाखवायची. शाळेतल्या पोरांसारखी तिनं माझी परीक्षा घेतली, महिनाभर, रोज. अंघोळीला मशीन काढावं लागतं, तेवढ्या वेळात अक्का येऊन बसतील असं ठरलं. मी मागे लागले नाही. पोर आणायचं तिनं म्हणायचं, मी नाही, असं मी मनाशी ठरवलं होतं, पण आतून जीव तुटत होता.

मग एका शनिवारी ती म्हणाली, "चला, तुमी पण." आम्ही वैरागला गेलो. पोर आधी माझ्याकडे येईना. दोन महिन्यांत विसरली मला. आजीच्या, म्हणजे विहीणबाईंच्या, पदराआड लपली. ते मला फार लागलं. तासाभरानं कुठं आली, मांडीवर बसली आणि कानामागचं मशीन ओढायला लागली. मी सोप्यात उंबऱ्याकडे तोंड करून बसले होते. पाठीमागे स्वयंपाकघर. आत विहीणबाई आणि सून.

भांडी वाजत होती. मग विहीणबाईंचा आवाज आला, दबका.

"तुझी सासू वाईट न्हाय, मी कुटं म्हनते? पर गोळ्या खाऊन झोपनारी बाई ती. कानात मशीन घातलं म्हंजी काय झालं? पोर हितंच ऱ्हाऊ दे. तिला काय, चार दिस वाईट वाटंल."

आमच्या घरात जे काय बोलायचं ते तोंडासमोर. त्यामुळं माझ्याविषयी पाठीमागं बोललेलं मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकलं. कान तापले. बाई माझ्या नातीचीच काळजी करत होती, तिचं चुकत नव्हतं, आणि तरी मला तिचा असा राग आला की बोटं पोरीच्या झबल्यात रुतली. सून काही बोलत नव्हती. मी वाट बघितली. ती बोललीच नाही.

मी वळले नाही. तिथूनच म्हटलं, "विहीणबाई, गोळ्या सुटून महिना झाला. आणि चार दिवस नाही, दोन महिने वाईट वाटतंय मला."

आत भांडं वाजायचं थांबलं. पोरीनं मशीन सोडलं आणि माझं मंगळसूत्र धरलं.

मग पाठीमागून सुनेचा आवाज आला, नेहमीच्या आवाजात, ओरडून नाही.

"आई, तुमच्या पिशवीत तिचे कपडे बसतील का?"

"बसतील," मी उंबऱ्याकडे बघतच म्हटलं. "आण."